खून दोघांनी केला, नाव खेळाला मिळालं: माद्रिद, १९९४

प्रकरण थोडक्यात

३० एप्रिल १९९४ च्या पहाटे माद्रिदच्या ईशान्येला मानोतेरास नावाच्या वस्तीत, एका बस थांब्यावर, ५२ वर्षांच्या सफाई कामगाराचा चाकूने खून झाला. मारणारे दोघे होते. एक विशीतला, रसायनशास्त्राचा विद्यार्थी. दुसरा १७ वर्षांचा. मृताशी त्यांची ओळख नव्हती, वैर तर नव्हतंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांना अटक झाली. स्पेनमधल्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी या खुनाला 'क्रिमेन देल रोल', म्हणजे 'रोल-खेळाचा (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचा) खून', असं नाव दिलं. तीस वर्षं उलटली, आरोपींना शिक्षा झाली, ते सुटले, तरी नाव तेच राहिलं.

या खुनाचे रक्तरंजित तपशील स्पॅनिशमध्ये भरपूर छापले गेले आहेत. ते इथे नाहीत. हे नाव कसं ठरलं, कोणकोणत्या टप्प्यावर कुणाला वेगळं वागता आलं असतं आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढाच या लेखाचा विषय आहे. मृताचं, आरोपींचं किंवा त्यांच्या मित्रांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

हा खेळ काय असतो ते आधी सांगायला हवं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या बहुतेक वाचकांनी तो कधी पाहिलेला नव्हता, आणि पुढचं सगळं त्या अनोळखीपणातूनच घडत गेलं.

चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि नियम सांभाळतो; स्पेनमधले खेळाडू त्याला 'मास्टर' म्हणतात. बाकी प्रत्येकाकडे एकेक पात्र असतं: कुणी चोर, कुणी वैदू, कुणी म्हातारा वार्ताहर. पात्राची ताकद, चपळाई, हुशारी कागदावर आकड्यांत मांडलेली असते. "मी दार ढकलतो," असं कुणीतरी म्हणतं, फासे टाकतं, आणि दार उघडलं की नाही ते फाशांवरून ठरतं. सहसा इथे खेळाडूंनी एकमेकांना हरवायचं नसतं. सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची, तीही बोलून. गोष्टीत तलवारी चालतात, राक्षस मरतात, कधी आपलं पात्रही मरतं. मग नवा कागद घ्यायचा आणि पुढे सुरू. पोशाख घालून, मोकळ्या जागेत फिरत खेळण्याचा एक प्रकारही आहे. तो वेगळा. पण १९९४ च्या बातम्यांमध्ये हे दोन्ही प्रकार एकमेकांत पार मिसळून गेले.

या प्रकारातला पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. स्पॅनिशमध्ये तो १९८५ मध्ये आला. बार्सिलोनाच्या 'जोक इंटरनॅसिओनाल' या प्रकाशनाने नंतर इतर गाजलेले खेळ भाषांतरित केले. १९९० मध्ये मध्ययुगीन आयबेरियातल्या लोककथांवर बेतलेला 'आकेलार्रे' हा पहिला अस्सल स्पॅनिश खेळ निघाला. म्हणजे खून झाला तेव्हा हा छंद त्या देशात जेमतेम दहा वर्षांचा होता. खेळणारे मुख्यतः कॉलेजातले आणि शाळेच्या वरच्या वर्गांतले. संपादकांच्या पिढीने या खेळाचं पुस्तकही हातात घेतलेलं नव्हतं.

संशय मात्र आधीपासून तयार होता आणि तो अमेरिकेतून आला होता. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या एका विद्यापीठातून १६ वर्षांचा विद्यार्थी नाहीसा झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खासगी गुप्तहेराने अंदाज बांधला की मुलगा हा खेळ खेळता खेळता विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला असावा. अंदाज होता, पण छापून आला बातमी म्हणून. मुलगा काही आठवड्यांनी दुसऱ्याच राज्यात सापडला. त्याच्या निघून जाण्यामागे नैराश्य, एकटेपण आणि अभ्यासाचं ओझं होतं. खेळाचा त्यात हात नव्हता. तोवर देशभर लोकांच्या मनात बोगदेच घर करून बसले होते. १९८२ मध्ये व्हर्जिनिया राज्यात एका मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने खेळाला जबाबदार धरून १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना उभारली. १९८५ मध्ये 'सीबीएस' वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स'ने हा विषय देशभर नेला.

त्या आईच्या दुःखाबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचं लिहितो. संघटना ज्या याद्या दाखवायची त्यांत 'खेळणाऱ्या आणि मेलेल्या' मुलांची नोंद असायची. खेळणारी मुलं मात्र लाखोंनी होती. इतक्या मुलांमध्ये खेळ नसता तरी किती आत्महत्या झाल्या असत्या, हा पहिला प्रश्न. मायकल स्टॅकपोल या खेळ-लेखकाने तो लावून धरला आणि १९९० च्या आपल्या अहवालात आकडे मांडून दाखवलं की यादीतली संख्या त्या वयोगटातल्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा जास्त तर नाहीच, उलट बरीच कमी आहे. त्याआधी, १९८७ मध्ये, खेळाडूंच्या भावनिक स्थैर्याचा एक मानसशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जास्त खेळणं आणि अस्थिर मन यांचा संबंध त्यातही सापडला नव्हता. ही दोन्ही उत्तरं माद्रिदच्या खुनाआधीची आहेत. कुणी शोधली असती तर मिळाली असती.

आणखी एक गोष्ट, स्पेनपुरती. तिथे खासगी दूरचित्रवाणी वाहिन्या १९९० मध्ये सुरू झाल्या आणि प्रेक्षकांसाठी चुरस लागली. नोव्हेंबर १९९२ मध्ये वॅलेन्सियाजवळच्या अल्कासेर गावातल्या तीन किशोरवयीन मुली बेपत्ता झाल्या. २७ जानेवारी १९९३ ला त्यांचे मृतदेह सापडले आणि लगोलग एका वाहिनीने थेट गावातून कार्यक्रम दाखवला. नातेवाईक रडताहेत, कॅमेरा समोर आहे. त्यावर खूप टीका झाली. त्याच वर्षी, २७ नोव्हेंबरला, स्पॅनिश पत्रकार संघटनांच्या महासंघाने सेव्हिलमध्ये आचारसंहिता मंजूर केली. निकाल लागेपर्यंत आरोपीला निर्दोष समजा, पीडितांच्या दुःखात नको तिथे घुसू नका, अल्पवयीनांच्या बाबतीत जास्त जपा, हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. माद्रिदचा खून झाला तेव्हा या संहितेला पाच महिने झाले होते.

अडचण कुठे होती

पहिला महिनाभर पोलिसांकडे हेतू नव्हता. अनोळखी माणसाला पहाटे गाठून मारलं, एवढंच दिसत होतं. तिढा सुटला तो आरोपींच्याच मित्रवर्तुळातून: खून केल्याचं त्यांनी मित्रांना सांगितलं होतं, दुसऱ्या खुनाची तयारी चालू होती, आणि ते ऐकून हादरलेल्यांमधून माहिती पोलिसांपर्यंत गेली. झडतीत मोठ्या आरोपीच्या घरी चाकू मिळाले आणि खुनाचं वर्णन करणारी त्याची डायरी मिळाली.

डायरीत त्याने लिहिलं होतं की त्या रात्री ते बळी शोधायला निघाले होते आणि बळी कसा असावा याच्या अटी त्यांनी स्वतः घालून घेतल्या होत्या. आणि त्याने 'रासास', म्हणजे 'वंश', नावाचा एक खेळ रचला होता.

इथे थांबून पाहायला हवं. 'रासास' कुठल्याही दुकानात मिळत नव्हता. तो कुणी छापला नव्हता, कुठल्या क्लबात खेळला जात नव्हता. एका माणसाने स्वतःच्या डोक्यातून काढलेली आणि मोजक्या मित्रांपुरती राहिलेली ती रचना होती. तिचे नियम, तिचं जग, तिच्यातला क्रूरपणा, सगळं त्याचं. हजारो मुलं शनिवारी संध्याकाळी टेबलाभोवती बसून जे खेळत होती त्याच्याशी तिचं नातं एवढंच की दोन्हींना 'रोल' म्हणता येत होतं.

पण बातमीदारापुढची अडचणही खरी होती, ती मी कमी लेखत नाही. हेतू नसलेला खून वाचकाला झोपू देत नाही. माझा नवरा, माझा भाऊ उद्या बस थांब्यावर उभा असेल, त्याला कुणी का मारेल? या प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तर पचत नाही. 'त्यांना एका खेळाने बिघडवलं' हे पचतं, कारण त्यानंतर काय करायचं तेही कळतं: घरातल्या मुलाच्या खोलीत जाऊन ती पुस्तकं शोधायची. भीतीला पत्ता मिळतो. संपादकाने हे जाणूनबुजून केलं असेलच असं नाही. घाईत, रात्रीची आवृत्ती छपाईला जाताना, जे उत्तर सगळ्यात आधी हाती लागतं ते मथळ्यात जातं.

समोर असलेले पर्याय

अटकेनंतरच्या आठवड्यात संपादकांपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली, खून म्हणून बातमी देणं. दोन संशयित, एक डायरी, तपास चालू. खेळाचा उल्लेख आत, आरोपीच्या लिखाणात आलेला एक तपशील म्हणून. ही वाट सुरक्षित होती, पण अंक विकायला कमी कामाची.

दुसरी, खेळच मथळ्यात घेणं. यासाठी कुणालाही खोटं बोलावं लागत नव्हतं. आरोपी रोल-खेळ खेळत होते हे खरंच होतं. म्हणून ही वाट जास्त धोक्याची. खऱ्या तपशिलाला कारणाच्या जागी बसवलं की वाक्य खरं राहतं आणि बातमी खोटी होते. आरोपी दर रविवारी क्रिकेट खेळत असते तर 'क्रिकेटचा खून' असं कुणी छापलं नसतं, कारण क्रिकेट खेळून खून न करणारी माणसं प्रत्येक वाचकाच्या ओळखीची असतात. रोल-खेळाच्या बाबतीत तशी माणसं वाचकाच्या ओळखीची नव्हती.

तिसरी वाट, खेळ समजून घेणं. क्लबात एक संध्याकाळ बसणं, प्रकाशकाला फोन करणं, मानसोपचारतज्ज्ञाला 'खेळामुळे झालं का' असं न विचारता 'अशा माणसात आणखी काय काय असतं' असं विचारणं. याला दोन-तीन दिवस लागले असते.

खेळणाऱ्यांपुढेही पर्याय होते आणि ते जास्त अवघड होते. गप्प बसावं तर आरोप मान्य केल्यासारखं. बोलावं तर जिथे बोलायचं तिथला प्रश्नच 'तुमचा खेळ धोकादायक नाही हे सिद्ध करा' असा. तिसरा उपाय अमेरिकेतल्या प्रकाशकाने आधीच करून पाहिला होता: १९८९ मध्ये 'टीएसआर'ने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या आपल्या मुख्य खेळाची दुसरी आवृत्ती काढताना पुस्तकांतून सैतान आणि पिशाच हे शब्दच काढले आणि त्यांच्या जागी बनावट नावं घातली. टीका करणारे त्यामुळे गप्प झाले नाहीत, कारण त्यांचा आक्षेप शब्दांवर नव्हताच. मुलं काहीतरी कल्पित गोष्ट इतकी मनापासून जगतात, याचीच त्यांना धास्ती होती.

प्रत्यक्षात काय झालं

दुसरी वाट घेतली गेली. 'रोलचा खून', 'रोलचा खुनी' हे शब्द रूढ झाले. डायरीतले उतारे छापून आले, मोठाले उतारे, खुनाच्या वर्णनासकट. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा निर्णय हाच. डायरी हा खटल्यातला पुरावा होता. तो न्यायाधीशांसमोर, तज्ज्ञांसमोर तपासला जायचा होता. वृत्तपत्रात तो आला तो एका माणसाचा स्वतःविषयीचा दावा म्हणून, पण वाचला गेला तो खुलासा म्हणून. ज्याने खून केला त्यालाच खुनाची गोष्ट सांगायचा मान मिळाला. त्याने स्वतःला जसं रंगवलं होतं, थंड, हुशार, नियम घालणारा, तसाच तो घराघरांत पोचला. मेलेला माणूस त्या मजकुरात फक्त जखमांच्या रूपात होता. तो काय काम करायचा, पहाटे चार वाजता बस थांब्यावर उभं राहावं लागणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असतं, यासाठी जागा उरली नाही. आणि घरच्यांनी ते उतारे वाचले असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

धाकट्या आरोपीचं नावही छापलं गेलं. त्या वेळच्या स्पॅनिश कायद्यानुसार १६ वर्षांपासून फौजदारी जबाबदारी सुरू व्हायची, त्यामुळे तो प्रौढांच्या न्यायालयात उभा राहणार होता. तरी १७ वर्षांच्या मुलाचं नाव छापायचं की नाही हा कायद्यापलीकडचा निर्णय होता, आणि त्याबद्दलची संहिता सहा महिन्यांपूर्वीच लिहून ठेवलेली होती.

खेळणाऱ्यांनी आपली बाजू मांडली, क्लब चालू ठेवले. पण त्यांचा आवाज बचावाच्या सुरातच राहिला. दुसरं काय करणार? वृत्तपत्र आधी बोलतं, वाचक पत्र नंतर लिहितो, आणि पत्राला जागा मथळ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी.

खटला आणि निकाल

खटला १९९७ च्या सुरुवातीला माद्रिदच्या प्रांतिक न्यायालयात चालला. खरा वाद मोठ्या आरोपीच्या मनाबद्दल झाला. काही तज्ज्ञांनी त्याला स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मनोविकार असल्याचं सांगितलं. तसं ठरलं असतं तर जबाबदारी कमी झाली असती. इतरांनी सांगितलं की त्याचं भान पूर्ण शाबूत होतं, दुसऱ्याच्या वेदनेची पर्वा नसणं हा त्याच्या स्वभावाचाच भाग होता. न्यायालयाने दुसरी बाजू मान्य केली. खून, लूट आणि दुसऱ्या खुनाचा कट यांसाठी त्याला ४२ वर्षांहून अधिक शिक्षा झाली. धाकट्याला १२ वर्षांहून अधिक.

तीन वर्षं चाललेल्या गोष्टीचं हे उत्तर होतं: माणूस जबाबदार आहे. त्याला काय करतोय ते कळत होतं. खेळाने त्याचं भान हरपलं असतं तर शिक्षा अशी झालीच नसती. निकालाचा आणि नावाचा हा सरळ सरळ विरोध आहे. तरी निकालाच्या बातम्यांवरही नाव तेच होतं.

परिणाम

नाव टिकलं. १ एप्रिल २००० ला मुर्सिया शहरात १६ वर्षांच्या मुलाने आपल्या आई-वडिलांना आणि लहान बहिणीला कटानाने, म्हणजे जपानी तलवारीने, मारलं, तेव्हा पुन्हा खेळ पुढे आला. या वेळी एक जपानी व्हिडिओ गेम, आणि त्यातल्या नायकासारखी मुलाची केशरचना. टेबलावरचा खेळ आणि पडद्यावरचा खेळ यांतला फरकही आता कुणाला महत्त्वाचा वाटत नव्हता. सहा वर्षांपूर्वीचा साचा तयारच होता.

'जोक इंटरनॅसिओनाल' १९९८ मध्ये बंद पडलं. हे या प्रकरणाचं फळ आहे असं स्पेनमधले काही जुने खेळाडू म्हणतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात संग्राह्य पत्त्यांच्या खेळांनी बाजार ओढून नेला होता आणि खुद्द 'टीएसआर' १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकली गेली, तीही अशाच एका पत्त्यांच्या खेळाच्या कंपनीला. बदनामीने हातभार लावला असेल, पण एका घटनेवरून एकच कारण काढायचं नाही हा आग्रह आपण वृत्तपत्रांकडे धरतो, तर तो स्वतःला आवडणाऱ्या गोष्टीच्या बाबतीतही धरायला हवा.

ज्याचं मोजमाप होत नाही ते नुकसान जास्त झालं असावं असं मला वाटतं. लाजऱ्या, शाळेत कुणात न मिसळणाऱ्या मुलांसाठी ते टेबल ही अशी जागा असते जिथे चार माणसं तुमचं ऐकतात, कारण तुमच्या पात्राची पाळी आलेली असते. अशा मुलाला घरी 'तो खुनी लोकांचा खेळ बंद कर' असं ऐकावं लागलं, तर त्याच्यापासून नक्की काय काढून घेतलं गेलं याची नोंद कुठे होणार?

वेगळं काय करता आलं असतं

पोलिसांपासून सुरुवात करतो. डायरी बाहेर जायला नको होती. ती कुणी दिली यापेक्षा, पुरावा फुटू नये यासाठीची शिस्त नव्हती हा मुद्दा आहे. 'खेळाशी संबंध तपासत आहोत' असं अनामिक सूत्राचं वाक्यही तसंच धोक्याचं, कारण तपासात शंभर गोष्टी बघितल्या जातात आणि त्यांतली जी सांगितली जाते तीच कारण होऊन बसते.

वृत्तकक्षात एका प्रश्नाने बरंच भागलं असतं: हेच करणारे, पण खून न करणारे किती? हा प्रश्न मथळा लिहिण्याआधी मोठ्याने विचारायचा. उत्तर 'हजारो' असेल तर ती गोष्ट मथळ्यात कारण म्हणून जाऊ शकत नाही. दुसरं, खुनाला नाव देताना ठिकाणाचं द्यायचं. 'मानोतेरासचा खून' हे नाव अचूक होतं, पुरेसं होतं आणि त्याने कुठल्याच मुलाच्या खोलीत भीती शिरली नसती. पहिल्या दोन दिवसांत नाव ठरतं, पुढे ते कुणीच बदलू शकत नाही. म्हणून ते ठरवणं हे उपसंपादकाचं हातासरशी उरकायचं काम नाही, संपादकाचं आहे.

खेळणाऱ्यांसाठी सांगणं सोपं नाही. तरी मला वाटतं, 'आमचा खेळ निर्दोष आहे' असं सांगण्यात गेलेली ताकद 'या, बसा, एक डाव खेळा' यात गेली असती तर जास्त कामी आली असती. ग्रंथालयात, शाळेत, पालकांना समोर बसवून. ज्याने एकदा फासे टाकून दार उघडलं आहे त्याला पुढच्या वेळी मथळ्याने घाबरवणं कठीण जातं. पण हे मी संकटानंतर सांगतोय. हे काम संकटाआधी व्हायला लागतं, आणि तेव्हा त्याची गरज कुणालाच वाटत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे दूरचं वाटत असेल तर २०१७ आठवावं. जुलैच्या अखेरीस मुंबईत अंधेरीला १४ वर्षांच्या एका मुलाचा इमारतीवरून पडून मृत्यू झाला आणि 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन खेळाचं नाव प्रत्येक मराठी घरात पोचलं. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यम कंपन्यांना त्याचे दुवे काढायला सांगितलं. शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी फोन तपासले. जानेवारी २०१८ मध्ये, चंद्रपूरचे खासदार आणि तेव्हाचे केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की नेमलेल्या समितीला एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध झालेला आढळला नाही. २०१९ मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषदेने आत्महत्यांच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली: पद्धतीचं वर्णन नको, ठळक जागा नको, एकच कारण सांगून मोकळं होणं नको. हिंसक गुन्ह्यांच्या बातम्यांना हीच तत्त्वं जवळपास जशीच्या तशी लागू करता येतील, असं माझं ठाम मत आहे.

मानोतेरासच्या प्रकरणात एक बातमी मात्र राहूनच गेली. दुसरा खून झाला नाही, कारण मित्रवर्तुळातलं कुणीतरी बोललं. ज्या मुलांना 'रोल'चे बळी किंवा संभाव्य खुनी म्हणून दाखवलं गेलं त्यांच्याच जवळच्या कुणालातरी ऐकलेलं खरं आहे हे कळलं, भीती वाटली, आणि तरी त्याने तोंड उघडलं. असं काही कानावर आलं तर मुलाने कुणाकडे जावं, घरी सांगितलं तर आई-वडिलांनी काय करावं, पोलीस ठाण्यात त्याचं कोण ऐकून घेईल, त्याचं नाव गुप्त राहील का: पालकांच्या खऱ्या उपयोगाची बातमी ही होती. ती लिहायला खेळाचं ज्ञानही लागत नव्हतं. अशा मुलाशी, त्याच्या घरच्यांच्या संमतीने, नाव न छापता बोलावं लागलं असतं, आणि त्याची ओळख जपायची हमी आधी द्यावी लागली असती.